प्रभात रोडचं जुनं घर विकायचं आहे : आधी दुरुस्ती करावी की आहे तसंच द्यावं?

जाईजुई | १४ जून २०२५, सकाळी ११.२०

नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय.

पुण्यात प्रभात रोडवर, कमला नेहरू पार्कपासून चालत पाच मिनिटांवर आई-बाबांचा फ्लॅट आहे. इमारत १९८२ ची, तीन मजली, बारा बिऱ्हाडं, लिफ्ट नाही. आमचा तिसरा मजला. दोन बेडरूम, साधारण साडेसातशे चौरस फूट कार्पेट. बाबा २००९ मध्ये गेले, आई २०२३ च्या डिसेंबरात. तेव्हापासून घर बंद आहे. मी नाशिकला असते, भाऊ न्यू जर्सीत. महिन्या-दीड महिन्याने जाऊन खिडक्या उघडून येते, तेवढंच.

घराची अवस्था सांगते. बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीला कमरेपर्यंत ओल आहे, खालच्या काकूंच्या छताला पोपडे आलेत. नळाचं पाणी पहिली दोन मिनिटं तांबूस येतं. वायरिंग जुन्या केसिंग पट्टीतलं. मोझॅइकची फरशी दोन ठिकाणी पोकळ वाजते. हॉलची बाल्कनी बाबांनी ८९-९० च्या सुमाराला आत घेतली होती. आणि स्वयंपाकघरात कडप्प्याचा ओटा, आईच्या उंचीप्रमाणे मुद्दाम खाली घेतलेला. आई चार फूट दहा इंच होती. मी तिथे पाच मिनिटं भाजी चिरली की माझी पाठ भरून येते.

एका एजंटचं म्हणणं, बारा लाख घालून सगळं नवं करा, एक कोटी पंचाहत्तर लाखांना सहज जाईल. दुसऱ्याकडे आत्ताच एक पार्टी आहे, 'आहे तसं' एक कोटी पंचेचाळीसला घ्यायला तयार. शेजारचे काका म्हणतात, अजिबात विकू नका, रीडेव्हलपमेंट येतंय, थांबा. भाऊ म्हणतो, ताई तू ठरवशील ते.

माझ्याकडे बारा लाख पडून नाहीत, एफडी मोडावी लागेल. नाशिकहून काम करून घेणं किती जमेल तेही कळत नाही. ज्यांनी असं घर विकलंय किंवा घेतलंय त्यांनी कृपया अनुभव सांगा.

पारिजात | १४ जून, ११.५२

बारा लाख अजिबात घालू नका. बाकी जाणकार सांगतीलच.

गवाक्ष | १४ जून, दुपारी १.०५

मी अंतर्गत सजावटीची कामं घेते, तेव्हा माझं मत माझ्या धंद्याकडे झुकलेलं वाटेल, पण अनुभव सांगते. घर बघायला आलेला माणूस पहिल्या पाच मिनिटांत मनातल्या मनात ठरवून टाकतो. बंद घराचा कुबट वास, पिवळा पडलेला ट्यूबलाइट, भिंतीवरची ओल, हे बघितलं की तो खर्चाचा आकडा दुप्पट धरतो आणि तेवढे पैसे खाली मागतो. गेल्या वर्षी एरंडवण्यातलं असंच एक घर आम्ही नऊ लाखांत पूर्ण केलं आणि ते तीन आठवड्यांत गेलं. त्या घराला आधी सात महिने कोणी विचारत नव्हतं.

प्रभात रोडला घर घेणाऱ्यांत परदेशात राहणारी मुलं बरीच असतात, आईवडिलांसाठी घेतात. त्यांना चावी फिरवून राहायला जाण्यासारखं घर हवं असतं. चार महिने गवंड्यांच्या मागे लागायला त्यांना सुट्टी नसते.

सळई_सिमेंट | १४ जून, रात्री ९.३०

गवाक्षताई, वास आणि उजेडाबद्दल पूर्ण अनुमोदन. पण त्याच्या आधीचा प्रश्न ओलीचा आहे. मी तीस वर्षं इमारतींच्या दुरुस्तीच्या कामात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जाईजुईताईंनी लिहिलेल्या तीन गोष्टी, म्हणजे बाथरूमची ओल, खालच्या छताचे पोपडे आणि तांबूस पाणी, बहुतेक एकाच दुखण्याच्या आहेत. त्या काळात पाणी आणायला जीआय (जस्ताचा लेप दिलेले लोखंडी) पाइप भिंतीत गाडून टाकत. त्रेचाळीस वर्षांत ते आतून गंजतात. सांध्यातून थेंब थेंब पाणी झिरपतं, ते बाथरूमच्या खोलगट स्लॅबमध्ये साठतं आणि स्लॅबच्या सळईपर्यंत पोचतं. सळई गंजली की फुगते, कारण गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, आणि ती खालचं काँक्रीट ढकलून फोडते. काकूंना जे पोपडे दिसतात ते याचे. वरून कितीही महाग टाइल लावा, आतलं थांबत नाही.

माझं सांगणं, घरात दुसरं काहीही करू नका, पण हे एवढं करा. बाथरूम-संडासची फरशी स्लॅबपर्यंत फोडायची. सळई उघडी पडली असेल तर घासून, गंजरोधक लावून, पॉलिमर मॉर्टरने भरायची. मग वॉटरप्रूफिंग, आणि त्यानंतर निदान ४८ तास पाणी साठवून ठेवून खालून बघायचं. ही चाचणी झाल्याशिवाय टाइल लावू द्यायची नाही. जुने जीआय पाइप बंद करून सीपीव्हीसीचे, म्हणजे प्लास्टिकचे, टाकायचे. दोन ते पावणेतीन लाखांत साधं, स्वच्छ काम होईल.

आणखी एक. सोसायटीकडे संरचनात्मक लेखापरीक्षणाचा (स्ट्रक्चरल ऑडिटचा) अहवाल मागा. तीस वर्षांपुढच्या इमारतीचं ते दर तीन वर्षांनी करायचं असं आदर्श उपविधींत आहे. घेणाऱ्याची बँक ते विचारेल.

नवं_घरटं | १४ जून, रात्री १०.१५

मी घेणाऱ्या बाजूची आहे. आम्ही २०२२ मध्ये भांडारकर रोडजवळ तीस-पस्तीस वर्षं जुन्या इमारतीत 'पूर्ण नूतनीकरण केलेला' फ्लॅट घेतला. फॉल्स सीलिंग, मोठ्या चकचकीत टाइल्स, मॉड्युलर किचन. पहिल्या पावसाळ्यात बेडरूमच्या फॉल्स सीलिंगला चहाच्या डागासारखा डाग आला. उघडून बघितलं तर वर सळया दिसत होत्या. माझ्या सासऱ्यांनी आयुष्यभराची पुंजी त्या घरात घातली होती. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

तेव्हापासून कोणाबरोबर घर बघायला गेले आणि नवा रंग दिसला की मी आधी भिंतीला हात लावून बघते. जाईजुई, तुमच्या घराची ओल जशी आहे तशी दाखवलीत तर निदान माणसाला कळेल तो काय घेतोय. आम्हाला जुनं, न झाकलेलं घर मिळालं असतं तर आवडीनं आपल्या मनासारखं केलं असतं.

गवाक्ष | १४ जून, १०.४०

हे वाचून फार वाईट वाटलं. झाकण्यासाठी केलेलं काम आणि दुरुस्त करून केलेलं काम यांतला फरक बाहेरून ओळखता येत नाही, हे खरंच आमच्या क्षेत्राचं दुखणं आहे. मी माझा सल्ला थोडा बदलते. सळई_सिमेंट सांगतात ते आधी. काम चालू असताना रोजचे फोटो काढून ठेवा, फोडलेल्या फरशीचे, नव्या पाइपचे, साठवलेल्या पाण्याचे. घेणाऱ्याला ते दाखवता आले तर त्याची किंमत टाइलपेक्षा जास्त आहे.

टेकडीकर | १५ जून, सकाळी ६.४५

मी याच भागात साठ वर्षं राहतो. आमचं घर आधी नारायण पेठेत, नदीपासून जवळ. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा मी सात वर्षांचा होतो. पूर ओसरल्यावर आम्ही परत गेलो तर पितळेचा बंब चिखलात आडवा पडलेला आणि देवघर वाहून गेलेलं. त्यानंतर वडिलांनी ठरवलं, नदीकाठी राहायचं नाही, आणि आम्ही इकडे वर आलो. तेव्हा लोक या भागाला 'पार लांब' म्हणत. प्रभात फिल्म कंपनीचा स्टुडिओ होता तिथे नुकतीच फिल्म इन्स्टिट्यूट झाली होती. रस्त्यावर संध्याकाळी सातनंतर चिटपाखरू नसे.

बंगले पाडून तुमच्यासारख्या तीन मजली इमारती झाल्या आणि आता त्या पाडून दहा-बारा मजली होतायत. म्हणून शेजारचे काका म्हणतात त्यावर लिहितो. रीडेव्हलपमेंट सगळीकडे होतंय हे खरं, पण प्रत्येक गल्लीत होईलच असं नाही. तुमची गल्ली किती रुंद आहे ते मोजा. २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीप्रमाणे रस्ता नऊ मीटरपेक्षा कमी रुंद असेल तर टीडीआर, म्हणजे दुसरीकडचा बांधकामाचा हक्क विकत घेऊन इथे, वापरता येत नाही. मग बिल्डरला वरचे मजले मिळत नाहीत, आणि वरचे मजले नसतील तर तो कशाला येईल?

जाता जाता : तुमच्या आवारात जुना आंबा आहे का? त्या बाजूला दोन-तीन सोसायट्यांत होता.

जाईजुई | १५ जून, दुपारी १२.१०

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढ्या लोकांनी वेळ काढून लिहिलं हे बघूनच निम्मा ताण उतरला.

टेकडीकर काका, हो, आंबा आहे. रायवळ. आई दर मे महिन्यात वरच्या गच्चीतून हात लांब करून कैऱ्या काढायची आणि बाराही घरांत वाटायची. यंदा कोणी काढल्याच नाहीत, खाली सडा पडला होता. गल्ली मोजायला आमच्या वॉचमनना सांगितलंय.

काळा_कोट | १५ जून, दुपारी ३.३०

फरशा, पाइप सगळं ठीक. पण कागदांबद्दल अजून कोणी विचारलं नाही. शेअर सर्टिफिकेट कोणाच्या नावावर आहे? बाबांच्या की आईच्या? जमिनीचं कन्व्हेअन्स, म्हणजे मालकीचं हस्तांतरण, सोसायटीच्या नावे झालंय का? मूळ करारनामा नोंदणीकृत आहे का?

जाईजुई | १५ जून, रात्री ८.००

शेअर सर्टिफिकेट बाबांच्या नावावर आहे. आई नॉमिनी होती, म्हणून आम्हाला वाटलं की ते आपोआप झालं. सोसायटीची बिलं आजही बाबांच्याच नावाने येतात. कन्व्हेअन्सबद्दल सेक्रेटरींना विचारलं, ते म्हणाले 'प्रोसेसमध्ये आहे', पण २०११ साली आई सभेला गेली होती तेव्हाही हेच उत्तर होतं.

काळा_कोट | १५ जून, रात्री ९.४५

मग बारा लाखांचा विचार तूर्त बाजूला ठेवा. खरी दुरुस्ती इथे आहे.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. नॉमिनी वारसांच्या वतीने घर सांभाळतो, सोसायटीला पत्रव्यवहारासाठी एक माणूस मिळतो, इतकंच. बाबा गेले तेव्हा त्यांचा हिस्सा आई, तुम्ही आणि भाऊ अशा तिघांकडे आला, त्यांचं मृत्युपत्र नसेल तर. आई गेल्यावर आईचा भाग तुम्हा दोघांकडे आला. म्हणजे आज तुम्ही दोघं निम्मे-निम्मे मालक आहात, पण कागदावर मालक अजून बाबा आहेत. या अवस्थेत कोणताही जाणता खरेदीदार पुढे येणार नाही. आला तर नेमका याचाच धाक दाखवून भाव पाडेल. 'आहे तसं' एक कोटी पंचेचाळीस म्हणणाऱ्या पार्टीला हे माहीत आहे का, विचारून बघा.

करायचं असं. दोघांचे मृत्यू दाखले, वारसांचं प्रतिज्ञापत्र, सोसायटीला हवं असल्यास नुकसानभरपाईचा बंधपत्र, आणि तुम्हा दोघांच्या नावे हस्तांतरणाचा अर्ज. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायची. वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढून घ्यायचा. मूळ करारनाम्याची नोंदणीची पावती आणि इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा) शोधा. पुण्यात यासाठी प्रोबेट (मृत्युपत्राला कोर्टाची मान्यता) लागत नाही.

भावाला इथे यायला जमणार नसेल तर त्याच्याकडून मुखत्यारपत्र घ्या. न्यूयॉर्कच्या भारतीय वाणिज्य दूतावासातून साक्षांकित करून मूळ प्रत कुरियरने मागवा आणि भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरा. ही मुदत लोक विसरतात.

बाल्कनी आत घेतली आहे ती मंजूर नकाशात नसणार. घेणाऱ्याला आधीच सांगून करारात लिहा. नंतर बँकेच्या माणसाने शोधून काढण्यापेक्षा ते बरं.

सातासमुद्रापार | १६ जून, पहाटे ४.२०

भावाच्या बाजूने लिहिते, मी टेक्सासला आहे आणि २०२४ च्या शेवटी डेक्कनवरचं सासरचं घर विकलं.

घेणाऱ्याला आधीच सांगा की एक विक्रेता अनिवासी आहे. तुमच्या हिश्शावर तो १ टक्का टीडीएस कापेल, पण भावाच्या हिश्शावर १२.५ टक्के आणि वर अधिभार, उपकर. आणि ते नफ्यावर नाही, पूर्ण रकमेवर, जर आधीच आयकर खात्याकडून कमी दराने कापण्याचा दाखला घेतला नसेल तर. आम्हाला हे खरेदीखताच्या आठवडाभर आधी कळलं. दाखल्याला दोन-अडीच महिने लागले, घेणारा बिचारा थांबला म्हणून निभावलं. आमच्या वेळी त्याला या टीडीएससाठी टॅन (कर कापणाऱ्याचा क्रमांक) काढावा लागला, पॅनवर चाललं नाही. पैसे भावाच्या एनआरओ खात्यात (अनिवासींचं भारतातलं रुपयांचं खातं) येऊ द्या, तिथून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत नेता येतात.

आणि जाईजुई, तो तिथे बसून 'तू ठरव' म्हणतो याचा अर्थ त्याला फिकीर नाही असा नका घेऊ. आम्हाला इथून काहीच ठरवता येत नाही, त्याचं अपराधीपण फार असतं.

जाईजुई | १६ जून, सकाळी ९.००

तुमचं शेवटचं वाक्य त्याला पाठवलं. त्याने लगेच फोन केला. बराच वेळ बोललो, घराबद्दल कमी आणि आईबद्दल जास्त.

हिशेबनीस | १६ जून, सकाळी १०.३०

करावर चार ओळी. वारसाने आलेल्या घराची खरेदी किंमत म्हणजे आईबाबांनी दिलेली किंमत. घर २००१ च्या आधीचं असल्याने १ एप्रिल २००१ चं मूल्य धरता येतं, पण त्या दिवशीच्या मुद्रांक मूल्यापेक्षा जास्त नाही. यासाठी मान्यताप्राप्त मूल्यांककाचा अहवाल घ्या.

उदाहरण म्हणून २००१ चं मूल्य १८ लाख आणि विक्री १ कोटी ५० लाख धरू. महागाई निर्देशांक लावून (२०२५-२६ साठी ३७६) खरेदी किंमत ६७.६८ लाख होते. नफा ८२.३२ लाख, त्यावर २० टक्के म्हणजे १६.४६ लाख. निर्देशांक न लावता नफा १३२ लाख, त्यावर १२.५ टक्के म्हणजे १६.५० लाख. जवळजवळ सारखंच. २००१ चं मूल्य याहून जास्त निघालं तर निर्देशांकाचा मार्ग फायद्याचा, कमी निघालं तर दुसरा. निवड करण्याची ही सवलत निवासी भारतीयांना आहे, ती २३ जुलै २०२४ च्या आधी मिळालेल्या घरांसाठी. म्हणजे तुम्हाला मिळेल, भावाला नाही. त्याला १२.५ टक्केच.

तुमचा नफा तुम्ही दोन वर्षांत दुसऱ्या घरात गुंतवलात किंवा सहा महिन्यांत ५० लाखांपर्यंत रोख्यांत घातलात तर तेवढा कर वाचतो. रोखे पाच वर्षं मोडता येत नाहीत.

धाग्याच्या मूळ प्रश्नाशी याचा संबंध असा : रंगरंगोटी, किरकोळ डागडुजी विक्रीच्या हिशेबात सहसा वजा होत नाही. पाइप, वॉटरप्रूफिंगसारखं टिकाऊ काम 'सुधारणा खर्च' म्हणून धरायला वाव असतो, पण बिल आपल्या नावाचं आणि पैसे बँकेतून दिलेले हवेत. रोखीत बारा लाख घातलेत तर तो पैसा करासाठी अस्तित्वातच नाही.

दादरकर_मी | १६ जून, दुपारी १.१५

रीडेव्हलपमेंटसाठी थांबावं का, यावर आमचं सांगते. शिवाजी पार्कजवळ माझ्या मावशीचं घर. २०१४ मध्ये पहिली सभा झाली. तेव्हापासून दोन बिल्डर आले आणि गेले, तिसरा कोर्टात आहे. मावशी ७१ वर्षांची होती तेव्हा 'नव्या घरात लिफ्ट असेल' म्हणायची. आता ८२ ची आहे आणि गेली तीन वर्षं जिना उतरलेली नाही.

५१ टक्के संमती पुरते हे २०१९ च्या शासन निर्णयात आहे, पण जमीनच सोसायटीच्या नावावर नसेल तर सगळी गाडी तिथेच अडते. आधी मानीव अभिहस्तांतरण (डीम्ड कन्व्हेअन्स) करून घ्यावं लागेल, आणि बारा घरांतल्या कोणीतरी त्यासाठी खेटे घालावे लागतील. नाशिकहून तुम्ही घालणार का?

टेकडीकर | १६ जून, सायंकाळी ६.१०

मोजलंत का गल्लीला?

जाईजुई | १६ जून, ७.३०

वॉचमननी टेप लावून मोजली. कुंपणापासून कुंपणापर्यंत साडेसात मीटर भरते.

टेकडीकर | १६ जून, ७.४०

मग काकांना चहा पाजा आणि घर विका.

कोकणकडा | १७ जून, सकाळी ८.१५

अवांतर, पण मोझॅइकची फरशी फोडू नका हो! आमच्या रत्नागिरीच्या घरात आहे. पॉलिश केली की आरसा होते. आताच्या टाइलांना तशी थंडाई नाही, उन्हाळ्यात दुपारी त्यावर पाठ टेकली की झोप लागते.

सळई_सिमेंट | १७ जून, १०.००

अनुमोदन. पोकळ वाजणाऱ्या दोन ठिकाणच्या फरशा उचलून खाली नवा माल भरा आणि मशीनने पॉलिश करून घ्या. साडेसातशे फुटांचं दोन दिवसांत होतं. सागवानी दारं असतील तर तीही ठेवा. त्या काळचं सागवान आता त्या भावात मिळत नाही.

नवं_घरटं | १७ जून, १०.३०

एक लिहायचं राहिलं. पार्किंगबद्दल खोटं सांगू नका. आमच्या विक्रेत्याने 'एक कव्हर्ड पार्किंग तुमचं' म्हणून तोंडी सांगितलं आणि आल्यावर कळलं की ते सोसायटीचं आहे. मोकळी आणि स्टिल्टमधली जागा बिल्डरला विकता येत नाही, हे २०१० मध्येच सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय.

जाईजुई | २९ जुलै २०२५, रात्री १०.२०

बरेच दिवसांनी येतेय. काय झालं ते सांगते.

मूळ करारनामा सापडला. आईच्या लोखंडी कपाटात साड्यांच्या खाली, रेशनकार्डाबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत. पिशवीवर आईच्या अक्षरात 'महत्त्वाचे' लिहिलेलं होतं आणि आत माझं पहिलीचं प्रगतिपुस्तकही होतं.

बाथरूमचं काम केलं. सळई_सिमेंट यांनी लिहिलं होतं तसंच निघालं. फरशी उचलली तर खाली ओला, काळा भुगा, आणि सळई एका जागी पेन्सिलीएवढी बारीक झालेली. खालच्या काकू बघायला आल्या आणि म्हणाल्या, 'अगं, मी तुझ्या आईला दहा वर्षं सांगत होते, पण ती एकटी काय करणार होती?' दोन दिवस पाणी साठवून ठेवलं, तिसऱ्या दिवशी काकूंच्या छताला हात लावला, कोरडं. मी तिथेच रडले. सगळं मिळून दोन लाख साठ हजार झाले, पाइपांसकट. फरशी पॉलिश, साधा पांढरा रंग, नवे दिवे आणि साफसफाई यांना आणखी पंचाहत्तर हजार. ओट्याला हात लावला नाही.

एक अडचण. सोसायटी म्हणते, विक्रीच्या वेळी दोन लाख रुपये 'विकासनिधी' द्या, नाहीतर ना हरकत देणार नाही. हे बरोबर आहे का?

काळा_कोट | ३० जुलै, सकाळी ९.००

नाही. महापालिका हद्दीत हस्तांतरण प्रीमियम जास्तीत जास्त २५ हजार रुपये, ही मर्यादा २००१ पासून आहे. वर पाचशे रुपये हस्तांतरण शुल्क आणि शंभर रुपये प्रवेश फी. देणगीच्या नावाखाली सक्ती करता येत नाही. शांत भाषेत लेखी पत्र द्या, पोच घ्या आणि उत्तर लेखी मागा. भांडू नका. बहुतेक वेळा लेखी मागितलं की विषय मिटतो.

जाईजुई | ११ ऑगस्ट, दुपारी ४.००

मिटला. पंचवीस हजारांची पावती मिळाली. माझं आणि भावाचं नावही सर्टिफिकेटवर चढलं.

पारिजात | ११ ऑगस्ट, ४.१५

वा! छान बातमी. आता भाव सोडू नका.

हिशेबनीस | ११ ऑगस्ट, रात्री ८.३०

भाव ठरवताना घेणाऱ्याचा खर्च डोळ्यांसमोर ठेवा. पुण्यात ७ टक्के मुद्रांक शुल्क, नोंदणी फी कमाल ३० हजार. दीड कोटीवर अकरा लाखांच्या आसपास तेच जातात. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर १ टक्का सूट आहे, हे घेणाऱ्याला आवर्जून सांगा. दीड लाख वाचले की माणूस वाटाघाटीत तेवढा सैल होतो. रेडी रेकनरची (सरकारी दराने होणारी) किंमतही काढून घ्या, जुन्या बांधकामाला त्यात घसारा मिळतो.

जाईजुई | २३ नोव्हेंबर २०२५, सकाळी ११.००

खरेदीखत परवा झालं. एक कोटी एक्कावन्न लाख.

घेणारं जोडपं कोथरूडचं आहे, दोघं डॉक्टर. घर बाईंच्या एकट्यांच्या नावावर झालं. त्यांचे वडील दोन गल्ल्या पलीकडे राहतात, त्यांना रोज जाता-येता यावं म्हणून इथेच हवं होतं. मी त्यांना काही लपवलं नाही. बाल्कनी, लिफ्ट, गल्लीची रुंदी, पार्किंग, कन्व्हेअन्स, सगळं पहिल्याच भेटीत सांगितलं. फोडलेल्या बाथरूमचे फोटो दाखवले, तेव्हा त्यांच्याबरोबर आलेल्या इंजिनिअरने ते दोनदा मागून घेतले. बँकेने इमारतीच्या वयामुळे कर्ज अपेक्षेपेक्षा कमी दिलं, म्हणून साठेखतानंतर (विक्रीच्या आधीच्या करारानंतर) त्यांना दोन महिने जास्त दिले. भावाचा कमी टीडीएसचा दाखला यायलाही तेवढेच लागले.

गवाक्षताई, तुमच्या त्या पाच मिनिटांचं खरं होतं. मी सकाळी दहाची वेळ दिली होती, खिडक्या उघड्या, आणि पॉलिश केलेल्या फरशीवर आंब्याच्या पानांची सावली पडते ती वेळ. बाई दारातच थांबल्या आणि चप्पल काढून फरशीवर उभ्या राहिल्या.

गवाक्ष | २३ नोव्हेंबर, ११.३०

खूप आनंद झाला. आणि बारा लाखवाल्या एजंटचं काय झालं?

जाईजुई | २३ नोव्हेंबर, १२.१०

त्यांचा फोन नंतर आला नाही. पण एक सांगते. ताबा साठेखतानंतरच दिला होता, त्यांना आतलं काम लवकर सुरू करायचं होतं म्हणून. परवा मी शेवटची सही करायला गेले तेव्हा घर बघून आले. स्वयंपाकघर पूर्ण फोडलं होतं. हॉल आणि बेडरूममधली भिंत काढली होती. फरशी मात्र ठेवलीय, तिच्यावर गोणपाट अंथरलेलं होतं, आणि बाथरूमला हात लावलेला नाही. मी बारा लाख घालून मॉड्युलर किचन बसवलं असतं तर तेही त्याच पोत्यांत भरून गेलं असतं.

आईच्या ओट्याचा कडप्पा जिन्याशी उभा करून ठेवला होता. एक कोपरा गुळगुळीत, खोलगट झालेला, जिथे ती रोज पोळपाट ठेवायची. डॉक्टर बाई म्हणाल्या, 'तुम्हाला हवा असेल म्हणून फेकू दिला नाही.' टेम्पोने नाशिकला आणलाय. अंगणात तुळशीजवळ दोन विटांवर ठेवलाय.

कोकणकडा | २३ नोव्हेंबर, १२.४०

डोळे भरून आले हो.

टेकडीकर | २३ नोव्हेंबर, दुपारी ५.००

अभिनंदन, जाईजुई. आंबा राहणार आहे ना?

जाईजुई | २३ नोव्हेंबर, ५.२०

राहणार आहे, काका. मे महिन्यात कैऱ्या कोण काढणार ते खालच्या काकूंनी डॉक्टर बाईंशी आत्ताच ठरवलंय.

रानजाई | २ डिसेंबर २०२५, सकाळी १०.०५

धागा पूर्ण वाचला. माझी अगदी हीच अवस्था आहे, फक्त घर मॉडेल कॉलनीत आणि शेअर सर्टिफिकेट आजोबांच्या नावावर. काका आणि दोन आत्याही आहेत. कुठून सुरू करू?

काळा_कोट | २ डिसेंबर, १०.५०

आजोबांच्या मृत्यू दाखल्यापासून. तो हातात आला की वेगळा धागा काढा आणि सगळ्या वारसांची यादी त्यात लिहा, हयात नसलेल्यांसकट.